वर म्हणजे चालू

बॅप्टिस्ट डाबरेवर मी तीनदा ओरडले, आणि तिन्ही वेळा चूक माझी होती. त्यानं एकदाही तसं म्हटलं नाही. समोरचा माणूस असा शांत राहिला की माझा पारा आणखी चढतो, हा माझा जुना रोग आहे. बॅप्टिस्टबद्दल सांगायचं तर तो रोग झाकून चालणार नाही, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

वसईजवळच्या सांडोरला रस्त्याच्या कडेला, त्याच्या स्वतःच्या केळीच्या वाडीला टेकून, बॅप्टिस्टची पत्र्याची शेड आहे. गाड्यांचं वायरिंग करतो. पाटी आहे, पण तिच्यावर केळीचं पान आडवं आलंय आणि ते कापायला तो तयार नाही. वय पंचावन्नच्या पुढे, ठेंगणा, सदान्‌कदा हाफ पँट, कपाळावर सरकवलेला चष्मा आणि तो शोधण्यात जाणारा अर्धा दिवस. शेडमध्ये भिंतभर बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं असतं: ‘फ्रेडरिकची जीप, हॉर्न’, ‘ऑस्करचा टेम्पो, वायपर’. गाडी भंगारात जाते, माणूसही कधीकधी जातो, पण त्या गाडीचा स्विच बॅप्टिस्टच्या डब्यात राहतो. “लागतो कधीतरी,” म्हणतो. कोणाला, कशाला, ते तो सांगत नाही.

मला लागला तो स्विच मात्र त्याच्या डब्यातला नव्हता. तो माझ्या वडिलांच्या उशाखालच्या खणातला होता.

माझे वडील, अण्णा नार्वेकर, कारखान्यात वायरमन होते. वसई पूर्वेला छत्तीस वर्षं नोकरी केली. मूळचे आम्ही कणकवलीकडचे, पण माझा जन्म इथलाच. आई जाऊन बरीच वर्षं झाली, मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात अण्णा आणि मी. मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं दाखवायच्या, आणि घरी येऊन अण्णांच्या दाखवायच्या, असा माझा दिनक्रम.

अण्णांच्या तरुणपणी कारखान्यात एक अपघात झाला होता. त्यांचा जोडीदार ज्युलियस मशीनच्या मागे वायरी जोडत होता. मेन स्विच अण्णांनी स्वतःच्या हातानं पाडून बंद केला होता. ते पाणी प्यायला गेले तेवढ्यात कोणीतरी, मशीन का बंद आहे म्हणून, स्विच वर केला. ज्युलियस वाचला, पण त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. त्या दिवसापासून अण्णांनी एक नियम धरला: स्विच ज्यानं बंद केला त्यानंच तो चालू करायचा. त्याला जमत नसेल तर त्यानं आपल्या तोंडानं, समोरासमोर, दुसऱ्याला चार्ज द्यायचा. चिठ्ठी चालत नाही, निरोप चालत नाही. पाळी बदलताना अण्णा येणाऱ्या वायरमनच्या डोळ्यांत बघून सांगत, “बारा नंबर मी बंद केलाय, आता तुझा.” मगच घरी येत.

हा नियम त्यांनी आपल्या छोट्या गाडीलाही लावला. चोरापासून राखण म्हणून लोक गाडीत लपवून एक स्विच बसवतात, तो बंद असला की किल्ली फिरवूनही गाडी सुरू होत नाही. अण्णांनी तसाच एक बसवला होता, डॅशबोर्डच्या खाली, आतल्या अंगाला. पितळी मानेचा, दांडीचा, जुना. गाडी फक्त तेच चालवायचे. उतरताना ‘टक्‌’, बसताना ‘टक्‌’. मी शेजारी बसून तो आवाज हजारदा ऐकला, पण वाकून तो स्विच कधी बघितला नाही. हे पुढे मला नडलं.

मग अण्णांचे डोळे अधू झाले, गाडी दोन वर्षं खाली उभी राहिली, खाऱ्या वाऱ्यानं तिचा पत्रा सडला आणि ती भंगारात गेली. जायच्या आदल्या दिवशी अण्णा स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली गेले आणि तेवढा स्विच काढून घेऊन आले. मी म्हटलं, “आता हा काय देवघरात ठेवायचाय?” त्यांनी तो खणात ठेवून दिला.

त्याच वर्षी अण्णांचं मूत्रपिंड निकामी झालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवारी आणि शुक्रवारी. मी एक्कावन्नाव्या वर्षी गाडी शिकले आणि नवी गाडी घेतली, केवळ त्यांना न्यायला-आणायला. समोर टीव्हीसारखा पडदा, किल्ली नाही, बटण दाबलं की सुरू. मला फार कौतुक होतं त्या गाडीचं. अण्णा एकदा तिच्यात बसले, मी बटण दाबलं, इंजिन सुरू झालं, आणि अण्णांनी दार उघडून एक पाय बाहेर टाकला.

“हिला बंद कुठे करायचं?”

“हे काय, इथेच. परत दाबायचं.”

“ते तू दाबणार. आणि मध्येच कोणी दुसऱ्यानं दाबलं तर?”

मी समजावलं, चिडले, विनवण्या केल्या. वय झालं की माणूस एखाद्या गोष्टीला चिकटून बसतो असं म्हणतात. अण्णा त्या गाडीत न बसण्याला चिकटून बसले. मग रिक्षा. पण डायलिसिस झाल्यावर त्यांचा रक्तदाब उतरायचा, मान टाकून पडायला लागायचं. दुसऱ्याच खेपेला वळणावर ते रिक्षातून बाहेर झुकले, मी शर्ट धरला म्हणून वाचले. घरी आल्यावर म्हणाले, “पुरे झालं. रिक्षा नको, तुझी गाडी नको. मी आता जात नाही कुठे.”

आणि खरंच शुक्रवारी गेले नाहीत. शनिवारी त्यांचे पाय सुजले. रविवारी रात्रभर बसून होते, आडवं झालं की दम लागायचा. सोमवारी सकाळी डॉक्टर फोनवर म्हणाले, “मंगळवार चुकवू नका. चुकवला तर मी काही सांगू शकत नाही.” मी ऑफिसात रजेचा फोन केला, खणातून तो स्विच गुपचूप काढला आणि कोणीतरी कधीतरी सांगितलेला सांडोरचा पत्ता शोधत निघाले.

बॅप्टिस्टनं स्विच हातात घेऊन आधी त्याला नमस्कार करतात तसं कपाळाजवळ नेलं. नंतर कळलं, तो फक्त चष्मा शोधत होता.

“मस्त माल आहे, ताई. असा आता मिळत नाही.” दांडी त्यानं दोनदा वरखाली केली, कानाजवळ धरून. “काय करायचंय?”

“ह्या गाडीत बसवायचा. नुसता दिसायला. माझ्या वडिलांना वाटलं पाहिजे की ते गाडी चालू करतात, बस्स. मागे वायर नाही जोडलीत तरी चालेल.”

बॅप्टिस्टनं स्विच परत माझ्या हातात दिला. “खोटा स्विच मी बसवत नाही, ताई.”

“अहो, आजारी माणूस आहे! त्यांना काय कळणार?”

“काय करायचे ते?”

“वायरमन होते.”

“मग त्यांना पहिल्या दिवशी कळेल,” बॅप्टिस्ट म्हणाला. “आणि नंतर ते तुमच्या कशावरच भरवसा ठेवणार नाहीत. बसवायचा तर खरा बसवू.”

मला राग आला, पण तो खरं बोलत होता, आणि माझ्याकडे दुसरा माणूस नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं, ज्युलियसच्या हातापासून डॉक्टरांच्या फोनपर्यंत. तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता माझ्या नव्या कोऱ्या गाडीत शिरून डॅशबोर्डवर बोटांनी टकटक करत होता. डाव्या सीटसमोर छान सपाट जागा होती. मी तिथे बोट दाखवलं.

“इथे नाही. ह्याच्या मागे एअरबॅग आहे. इथे मी पेन्सिलीनं खूणसुद्धा करणार नाही.” मग त्यानं मधल्या भागात, एसीच्या बटणांच्या खाली, एक चौकोनी काळी टोपी नखानं काढली. कंपन्या अशी एखादी जागा रिकामी ठेवतात, महागड्या मॉडेलमध्ये तिथे काहीतरी असतं. “इथे. पण भोक चौकोनी, स्विच गोल. आणि स्विच लांब आहे, मागे एसीचा पाइप आडवा येतो. करू काहीतरी. काकांना घेऊन या, त्यांचा हात कुठे जातो ते बघायला पाहिजे.”

ही त्याची पद्धत. स्विच बसवायचा तर तो गिऱ्हाइकाला सीटवर बसवतो, डोळे मिटायला लावतो आणि म्हणतो, आता स्विच लावा. हात जिथे जाईल तिथे खूण. डोळ्याला जागा कुठेही चालते, हाताला चालत नाही, असं त्याचं म्हणणं.

“त्यांना कसं आणू? गाडीत बसत नाहीत म्हणून तर आले ना तुमच्याकडे! आणि त्यांना हे माहीत नाही. उद्या एकदम दाखवणार आहे. मी बसते त्यांच्या जागी.”

मी डाव्या सीटवर बसले, डोळे मिटले, उजवा हात पुढे केला. अण्णांच्या डाव्या हाताला डायलिसिससाठी शीर जोडलेली, त्यामुळे उजवाच हात वापरायचा हे तेवढं मी लक्षात ठेवलं होतं. हात बरोबर त्या काळ्या टोपीच्या जवळ गेला. बॅप्टिस्ट खूश झाला.

“आता सांगा, चालू वर की खाली?”

स्विचच्या मानेखालच्या चकतीवर कधीकाळी अक्षरं असणार, पण वीस वर्षांच्या अंगठ्यानं ती पुसून टाकली होती.

“खाली,” मी म्हटलं.

“नक्की? काकांना फोन करून विचारू?”

आणि इथे मी पहिल्यांदा ओरडले. “अहो, घरातला दिवा लावताना बटण वर करता का खाली? खाली म्हणजे चालू, एवढंही कळत नाही?”

“बरं,” बॅप्टिस्ट म्हणाला.

मग तो कामाला लागला. काळ्या पत्र्याचा तुकडा कापून त्या चौकोनाच्या मापाचा घासला, त्याच्या मधोमध गोल भोक पाडलं. स्विच उघडून आतले पितळी ओठ चिंचेच्या कोळानं घासून लख्ख केले. पाइप आडवा येत होता म्हणून पत्र्याला केसाएवढी उंची देऊन स्विच पुढे ओढून घेतला. जुन्या स्विचमधून नव्या गाडीचा सगळा करंट नेला तर तो जळेल, म्हणून मध्ये एक छोटा रिले टाकला, म्हणजे स्विचनं फक्त इशारा द्यायचा आणि जड काम रिलेनं करायचं. “स्विच बंद असेल तर गाडी सुरू होणार नाही. पण चालत्या गाडीत चुकून धक्का लागला तर बंद पडणार नाही. तुमचा जीव पण आहे ना तिच्यात,” असं तो मला समजावत होता आणि मी घड्याळ बघत होते. डॅशबोर्ड उघडा, वायरी बाहेर लोंबत होत्या, आणि तेवढ्यात चर्चमध्ये बाराची घंटा झाली. बॅप्टिस्टनं पक्कड खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली, त्या देवळाच्या दिशेनं तोंड करून उभा राहिला आणि ओठ हलवायला लागला. आतून त्याची बायको सालोमी ओट्यावर येऊन तशीच उभी राहिली. दुपारची प्रार्थना.

ती संपेपर्यंत मी गप्प बसले, पण टोपी डोक्यावर जाते न जाते तोच म्हणाले, “माझ्या वडिलांचा श्वास तिकडे अडकलाय आणि तुम्ही काम टाकून उभे राहता?”

“त्यांच्यासाठीच म्हटलं, ताई,” बॅप्टिस्ट म्हणाला आणि पक्कड उचलली.

हे दुसरं ओरडणं. ते मला अजून टोचतं.

मंगळवारी सकाळी साडेआठला मी अण्णांना हाताला धरून खाली आणलं. पायांवर चप्पल चढत नव्हती, इतके पाय सुजले होते. गाडीचं दार उघडून मी म्हटलं, “बघा तर खरं.” अण्णांनी वाकून बघितलं. आपला स्विच दिसला आणि त्यांचा चेहरा उजळला. मी तो चेहरा कितीतरी दिवसांनी बघितला. आत बसले. दांडी खाली होती. त्यांनी तिला हात लावला नाही, कारण आधी बंद अवस्थेत तपासायचं, मग चालू, ही त्यांची शिस्त.

“आता सुरू कर,” ते म्हणाले. गाडी सुरू होणार नाही, याची खात्री करायची होती त्यांना.

मी बटण दाबलं. गाडी सुरू झाली.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. मला काही कळलंच नाही, मी हसत होते. ते धडपडत बाहेर पडले, इमारतीच्या कट्ट्यावर जाऊन बसले, धापा टाकत. “बंद असून चालू होते! लाइन दुसरीकडून येते! विनू, बंद असून चालू होते!” कारखान्यातल्या प्रत्येक मोठ्या स्विचची दांडी वर असली की चालू आणि खाली पडली की बंद. दांडी सैल झाली, निसटली, तर आपल्या वजनानं खाली पडावी आणि वीज बंद व्हावी, म्हणून. अण्णा छत्तीस वर्षं तसे जगले. बंद दिसणाऱ्या स्विचमधून वीज येणं, याहून भयंकर काही वायरमनला नसतं. आणि मी त्यांना ते दाखवलं होतं, सरप्राइज म्हणून.

डायलिसिसची अकराची वेळ होती. मी बॅप्टिस्टला फोन केला आणि काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझे वडील तुमच्यामुळे मरतील, इथपर्यंत मी गेले. पलीकडून तो एवढंच म्हणाला, “येतो.”

वीस मिनिटांत स्कूटर आत आली. माझ्याकडे न बघता बॅप्टिस्ट सरळ कट्ट्याकडे गेला आणि अण्णांच्या समोर उकिडवा बसला.

“काका, मी बॅप्टिस्ट. स्विच मी बसवला. उलटा बसला. चूक झाली.”

“खाली चालू कुणी ठेवलं?” अण्णांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण त्याच्या आत बॅप्टिस्ट म्हणाला, “मीच. घरातल्या बोर्डासारखं समजून चाललो.”

“घरातला बोर्ड!” अण्णा कडाडले. त्यांच्या आवाजात चार दिवसांत पहिल्यांदा जोर आला. “अरे, घरातल्या बटणावर कोणाचा जीव टांगलेला असतो का? दांडी निसटली तर काय होईल? खाली पडेल. खाली पडली की काय व्हायला पाहिजे?”

“बंद व्हायला पाहिजे.”

“मग?”

“बरोबर आहे, काका. आता कधी नाही चुकणार.”

पंचावन्न पार केलेला माणूस, तीस-पस्तीस वर्षं वायरीत घालवलेला, आमच्या इमारतीच्या कट्ट्यासमोर शाळेतल्या पोरासारखा बोलणी खात होता, आणि ती बोलणी माझी होती. इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

बॅप्टिस्टनं स्विच सैल केला, मानेच्या खाचेसाठी पत्र्याला कानस मारली, स्विच उलटा फिरवून नट आवळला. सगळं मिळून दहा मिनिटं. मग त्यानं जे केलं ते मला कधी सुचलं नसतं. पिशवीतून आपला टेस्ट लॅम्प काढला, एक छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी, आणि तो अण्णांच्या हातात दिला.

“तुम्हीच तपासा, काका. मी बाजूला होतो.”

अण्णा उठले. बॅप्टिस्टनं बगलेत हात दिला. एक वायर त्यांनी गाडीच्या पत्र्याला लावली, दुसरी स्विचमागच्या टोकाला. डोळे अधू, तरी वायर बरोबर जागी गेली. दांडी खाली: बल्ब विझलेला. दांडी वर: पेटला. खाली: विझला. तीनदा केलं. मग मला म्हणाले, “बटण दाब.” दांडी खाली होती. मी दाबलं, गाडी ढिम्म. त्यांनी सीटवर बसून उजव्या हातानं दांडी वर केली, टक्‌. “आता.” गाडी सुरू झाली.

अण्णांनी स्वतःच सीटबेल्ट ओढून घेतला. “चल, अकरा वाजतील.”

मागे आरशात बॅप्टिस्ट स्कूटरजवळ उभा दिसत होता, कपाळावरचा चष्मा शोधत. मी त्याचे आभारसुद्धा मानले नव्हते.

ते मानायला दोन आठवड्यांनी सांडोरला गेले. अण्णांना घेऊनच, कारण त्यांना “स्विच दाखवायचा” होता. आभार राहूनच गेले, पण त्यानंतर महिन्यातून एकदा आम्ही जायला लागलो. स्विच उत्तम चालत होता, दाखवण्यासारखं काही नव्हतं. अण्णा शेडमध्ये स्टुलावर बसत, डब्यांतले फ्यूज रंगांप्रमाणे वेगळे करत, आणि बॅप्टिस्टला त्याच्या चुका सांगत. बॅप्टिस्ट ऐकून घेई. घरात तो आणि सालोमी आपल्या बोलीत बोलत, ती मला निम्मीच कळे. पण एवढं कळे की अण्णा यायच्या आधी ओट्यावरचा केळ्यांचा घड आत न्यायचा, कारण डायलिसिसच्या माणसाला केळं विष. सगळ्या गावात केळी लटकलेली आणि अण्णांना केळं जीव की प्राण. त्यांच्यासमोर त्या घरात कोणी केळं खाल्लं नाही. निघताना सालोमी माझ्या पिशवीत एक फणी खाली टाकायची, वर पेपर झाकून, आणि मी ती ऑफिसात खायची.

अण्णा आणि बॅप्टिस्ट काय बोलत, ते मी फारसं ऐकलं नाही. मी सालोमीबरोबर ओट्यावर असायची. एकदा एवढं दिसलं की अण्णा त्याच्या डोळ्यांत बघून हळू आवाजात काही सांगतायत आणि बॅप्टिस्टनं टोपी काढलीय. मला वाटलं, बाराची घंटा झाली असेल, मला ऐकू आली नसेल.

चौदा महिने. मंगळवार आणि शुक्रवार, एकही पाळी चुकली नाही. हॉस्पिटलच्या आवारात गाडी लागली की दांडी खाली, टक्‌. परत आले की वर, टक्‌. ती मी एकदाही केली नाही, आणि मी एकटी कधी ती गाडी चालवलीच नाही. ऑफिसला चालत जायचे. लोक विचारत, नवी गाडी आहे ना? मी म्हणे, वडिलांची आहे.

गेल्या डिसेंबरात, एका शुक्रवारी, अण्णा दांडी खाली करून उतरले आणि मशीनवर असतानाच त्यांचा श्वास वाढला. त्यांना ठेवून घेतलं. रविवारी दुपारी ते गेले, माझा हात हातात असताना, फार त्रास न होता. पुढचे दोन दिवस माणसांच्या गर्दीत गेले. बॅप्टिस्ट आणि सालोमी येऊन गेले. गाडी हॉस्पिटलच्या आवारातच होती. बुधवारी वॉचमनचा फोन आला, “मॅडम, गाडी हटवा, रुग्णवाहिकेला अडचण होते.”

मी गेले. दार उघडून बसले. दांडी खाली होती, त्यांनी केली तशी. मी हात पुढे केला आणि हात तिथेच थांबला. ज्यानं बंद केला त्यानंच चालू करायचा. मला कोणी चार्ज दिला नव्हता. हसू नका. मी हिशोबी बाई आहे, देवधर्मसुद्धा बेताचाच करते. पण त्या दांडीला मला हात लावता येईना. मागे रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी बॅप्टिस्टला फोन केला, आणि तो उचलल्यावर मला बोलताच येईना.

“येतो,” तो म्हणाला.

स्कूटर लावून तो डाव्या दाराशी आला. आत बसला नाही, त्या सीटवर हातही टेकवला नाही. खिडकीतून वाकून स्विचकडे बघितलं, मग माझ्याकडे. टोपी काढली.

“ताई, काकांनी चार्ज दिलाय.”

“कोणाला?”

“तुम्हाला. गणपतीच्या आधी, माझ्या शेडमध्ये. म्हणाले, बॅप्टिस्ट, कधीतरी मी बंद करीन आणि चालू करायला येणार नाही. तेव्हा तू समोर जाऊन, तिच्या डोळ्यांत बघून सांगायचं, हा आता तुझा. मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना तिला. तर म्हणाले, तिला आत्ता सांगितलं तर ती माझ्यावर ओरडेल.”

मी रडत होते आणि हसतही होते, कारण मी खरंच ओरडले असते.

“अजून एक म्हणाले,” बॅप्टिस्टनं टोपी हातात फिरवली. “सांगू का?”

“सांगा.”

“म्हणाले, ते खाली-चालूचं तुझं नव्हतं, तिचं होतं, हे मला त्याच दिवशी कळलं. तू अंगावर घेतलंस, म्हणून हा चार्ज तुझ्याकडे देतोय.”

मागचा हॉर्न थांबला होता. बॅप्टिस्ट सरळ उभा राहिला, माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि कारखान्यातल्या पाळीवर सांगावं तसं नीट, प्रत्येक शब्द वेगळा करत म्हणाला, “हा काकांनी बंद केलाय, ताई. आता तुमचा.”

मी दांडी वर केली. टक्‌.

“थँक्यू, बॅप्टिस्ट,” मी म्हटलं. चौदा महिने उशीर झाला होता, पण त्यानं तेही ऐकून घेतलं.